कॅरिबियनमधील बेटांची सहल: दोघांसाठी मार्ग कसा आखावा

कॅरिबियन समुद्राचा नकाशा उघडला की फ्लोरिडाच्या खालपासून व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेली बेटे दिसतात आणि ती एकमेकांना इतकी लागून आहेत असे वाटते, की पंधरा दिवसांत सात-आठ बेटे सहज पाहून होतील. या समजुतीनेच पहिल्यांदा जाणाऱ्यांच्या सहली बिघडतात. जमैकाहून बार्बाडोसला जायचे तर सुमारे दोन हजार किलोमीटर अंतर कापावे लागते आणि शेजारच्या दोन बेटांमधली विमाने किंवा बोटी रोज असतीलच असे नाही. म्हणून किती बेटे पाहायची हा प्रश्न आधी बाजूला ठेवावा आणि एकाच साखळीतली, सोयीच्या वाहतुकीने जोडलेली, व्हिसाच्या दृष्टीने सोपी असलेली तीन बेटे निवडावीत. दोन आठवड्यांच्या सुट्टीत तीन बेटे पुरेशी आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. चौथे बेट घेतले की सुट्टीचा मोठा भाग विमानतळांवर जातो.

या लेखात मी उदाहरण म्हणून बार्बाडोस, सेंट व्हिन्सेंटजवळचे बेक्विया आणि ग्रेनाडा असा मार्ग घेतला आहे. भारतीय पारपत्र असलेल्या आणि पहिल्यांदाच तिकडे जाणाऱ्या जोडप्याला यापेक्षा सुटसुटीत मार्ग मला तरी दिसत नाही.

आधी कागदपत्रे, मग किनारे

समुद्रकिनाऱ्यांची छायाचित्रे पाहून बेट ठरवणे आणि नंतर व्हिसा शोधणे हा उलटा क्रम आहे. बार्बाडोस, सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनाडा या तिन्ही देशांत भारतीय नागरिकांना पर्यटनासाठी आधी व्हिसा घ्यावा लागत नाही. डोमिनिका, जमैका, सेंट किट्स-नेव्हिस यांचेही तसेच आहे. याउलट मार्टिनिक आणि ग्वाडेलूप ही बेटे फ्रान्सचा भाग असली तरी युरोपातील बहुतेक देशांत चालणारा साधा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही. फ्रान्सच्या सागरापलीकडच्या प्रदेशांसाठी ग्राह्य असल्याची स्पष्ट नोंद व्हिसावर असावी लागते. पोर्तो रिको आणि अमेरिकी व्हर्जिन बेटांसाठी अमेरिकेचा व्हिसा लागतो. हे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून तिकिटे काढण्याच्या आठवड्यात त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर ते पुन्हा एकदा वाचून घ्यावेत. व्हिसा लागत नसला तरी परतीचे किंवा पुढच्या बेटाचे तिकीट, राहण्याच्या जागेचा पत्ता आणि पुरेसे पैसे असल्याचा पुरावा विमानतळावर मागितला जातो, आणि बहुतेक ठिकाणी प्रवेशाचा अर्ज निघण्यापूर्वी ऑनलाइन भरायचा असतो.

खरी अडचण बेटांवर नसून वाटेत आहे. भारतातून कॅरिबियनला थेट विमान नाही. लंडनमार्गे जायचे तर नुसते विमान बदलण्यासाठीही भारतीय नागरिकांना ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा अशा काही देशांचा वैध व्हिसा असणाऱ्यांना यातून सवलत मिळू शकते, पण तिच्या अटी नीट वाचाव्यात. मुंबईहून येणारी विमाने साधारणपणे हीथ्रोला उतरतात, आणि कॅरिबियनला जाणारी बरीच विमाने गॅटविकहून सुटतात. अशा वेळी सामान घेऊन, इमिग्रेशन ओलांडून, शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जावे लागते आणि विमानतळाबाहेर न पडणाऱ्यांसाठी असलेला ट्रान्झिट व्हिसा त्यासाठी पुरत नाही. जाताना आणि येताना दोन्ही वेळा लंडन लागणार असल्याने मी सहा महिन्यांचा पर्यटक व्हिसाच घ्यावा असे सुचवीन. त्यामुळे विमान चुकले तर रात्रभर शहरात राहताही येते. अमेरिकेतून जायचे असेल तर तिथे केवळ विमान बदलण्यासाठीही पूर्ण इमिग्रेशन करावे लागते. म्हणजे व्हिसा हवाच. मात्र ज्यांच्याकडे तो आधीपासून आहे त्यांना न्यू यॉर्क किंवा मायामीमार्गे जाणे सोपे पडते.

अमेरिकेत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी जोडप्यांसाठी हा प्रवास अंतराने फार जवळचा आहे, पण त्यांनी एक गोष्ट जपावी. पारपत्रावरील एच-१बी व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली असेल तर कॅनडा आणि मेक्सिकोच्या छोट्या भेटीनंतर परत येण्यासाठी जी सवलत मिळते, ती या बेटांसाठी एच-१बीधारकांना मिळत नाही. शिक्क्याची मुदत परतीच्या तारखेनंतरची असल्याशिवाय निघू नये.

नवविवाहितांनी नावाकडे लक्ष द्यावे. लग्नानंतर पत्नीच्या पारपत्रावर वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव असेल तर तिकिटेही त्याच नावाने काढावीत. नाव बदलण्याची घाई सहलीआधी करण्याचे काहीच कारण नाही. विवाह प्रमाणपत्राची एक प्रत जवळ असली की झाले.

आणखी एक कागद असा आहे, की त्याची आठवण बहुधा कोणी करून देत नाही. पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या भारत सरकारच्या यादीत त्रिनिदाद आहे. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्या प्रवाशाकडे पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. आपल्या मार्गात त्रिनिदाद नसले तरी बेटांमधली काही विमाने त्रिनिदादच्या राजधानीतून, म्हणजे पोर्ट ऑफ स्पेनमार्गे जातात, म्हणून तिकीट काढताना थांबे पाहावेत. तो थांबा टाळता येत नसेल तर दोघांनीही अधिकृत केंद्रात लस घ्यावी. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होते आणि ते आयुष्यभर चालते.

केव्हा जावे

चक्रीवादळांचा अधिकृत मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असतो आणि त्यातही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत धोक्याचा. ग्रेनाडा आणि त्याच्या आसपासची बेटे दक्षिणेला असल्याने वादळांच्या वाटेत कमी येतात हे खरे आहे. पण २००४ साली आयव्हन या वादळाने ग्रेनाडाची दाणादाण उडवली, आणि १ जुलै २०२४ रोजी बेरिल हे वादळ थेट ग्रेनाडाच्याच कॅरियाकू बेटावर धडकले. कॅरियाकू, पेटिट मार्टिनिक आणि शेजारचे युनियन बेट यांवरील बहुतांश घरांची त्यात हानी झाली. जुलैसारख्या मोसमाच्या सुरुवातीच्या महिन्यात इतके तीव्र वादळ येईल अशी कुणाची अपेक्षा नव्हती. त्यामुळे स्वस्त मिळते म्हणून सप्टेंबरची तिकिटे काढणे मला पटत नाही. सुट्टी त्याच काळात मिळत असेल, तर वादळांच्या नेहमीच्या पट्ट्याबाहेर असलेल्या अरुबा, बोनेअर आणि कुरसाओ या बेटांचा विचार करावा.

कोरडा मोसम साधारण जानेवारी ते मे असतो. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत अमेरिका आणि युरोपातील लोक थंडीपासून पळून इथे येतात, त्यामुळे खोल्यांचे दर चढलेले असतात. शिवाय डिसेंबर ते फेब्रुवारीत ईशान्येकडून जोराचे वारे वाहतात आणि बेटांमधला समुद्र चांगलाच खवळतो. एप्रिलचा उत्तरार्ध आणि मे हा काळ मला सर्वांत चांगला वाटतो. गर्दी ओसरलेली असते, दर उतरलेले असतात, पाऊस अजून लागलेला नसतो आणि समुद्र तुलनेने शांत असतो. महाराष्ट्रातल्या उन्हाळी सुट्ट्या नेमक्या याच वेळी येतात, हा योग आपल्याला फार सोयीचा आहे.

तिकिटे आणि बेटांमधला प्रवास

लंडनहून बार्बाडोस आणि ग्रेनाडा या दोन्ही ठिकाणी विमाने जातात. म्हणून जाताना बार्बाडोसला उतरायचे आणि येताना ग्रेनाडाहून निघायचे, असे तिकीट काढावे. त्यामुळे पहिल्या बेटावर परत येण्याचा एक दिवस आणि एक विमानभाडे वाचते. शक्यतो मुंबईपासून बार्बाडोसपर्यंतचा सगळा प्रवास एकाच तिकिटावर असावा. दोन वेगळी तिकिटे असतील आणि पहिले विमान उशिरा पोहोचले, तर दुसऱ्या विमान कंपनीवर कसलीच जबाबदारी नसते.

बेटांमधली विमाने छोटी असतात. काहींत वीस प्रवासीही बसत नाहीत, सामानाची मर्यादा आंतरराष्ट्रीय विमानापेक्षा बरीच कमी असते आणि आठवड्याच्या ठरावीक दिवशीच ती उडतात. १९५६ पासून या बेटांना जोडणारी लिआट ही जुनी विमान कंपनी २०२० मध्ये दिवाळखोरीत निघाली तेव्हापासून वेळापत्रके बराच काळ विस्कळीत होती. आता अनेक लहान कंपन्यांनी ती जागा घेतली आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा, की आधी बेटांमधल्या विमानांचे वार पाहावेत, मग खोल्यांच्या तारखा ठरवाव्यात. प्रत्येकी एक मऊ, चाके नसलेली बॅग पुरते आणि तीच न्यावी. ज्या दिवशी बेटांमधले विमान आहे, त्याच दिवशी लंडनचे विमान कधीही घेऊ नये. मध्ये निदान एक रात्र ठेवावी.

सेंट लुसिया तुमच्या मनात असेल तर एक सूचना. त्या बेटावर दोन विमानतळ आहेत. लांब पल्ल्याची विमाने दक्षिण टोकाला ह्युअनोरा येथे उतरतात, तर शेजारच्या बेटांची छोटी विमाने उत्तरेला राजधानी कॅस्ट्रीज येथून सुटतात. दोन्हींमधला घाटाचा रस्ता दीड तासाचा आहे आणि नकाशावर बेट केवढेसे दिसते म्हणून हे अंतर लक्षात येत नाही.

बार्बाडोस: पहिले तीन दिवस

मुंबईहून निघाल्यापासून बार्बाडोसला पोहोचेपर्यंत एक पूर्ण दिवस सहज जातो आणि घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे गेलेले असते. म्हणून पहिल्या दोन दिवसांत फार काही ठरवू नये. पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर समुद्र शांत असतो आणि पोहण्यासाठी तोच योग्य. पूर्वेला बाथशीबा येथे अटलांटिकच्या लाटा खडकांवर येऊन आदळतात, ते पाहायला जरूर जावे, पण पाण्यात उतरू नये. हा फरक या साखळीतल्या जवळजवळ प्रत्येक बेटाला लागू आहे, त्यामुळे खोली घेताना ती पश्चिमेकडे आहे की पूर्वेकडे हे आधी पाहावे. अलीकडच्या वर्षांत सारगासम नावाचे तपकिरी शेवाळ अटलांटिककडच्या किनाऱ्यांवर ढिगांनी येऊन पडते आणि कुजल्यावर त्याला उग्र वास येतो, हेही पश्चिम किनारा निवडण्याचे एक कारण आहे.

बसने फिरणे सोपे आहे. अंतर कितीही असले तरी भाडे एकच असते. ब्रिजटाउनमध्ये केन्सिंग्टन ओव्हल पाहण्याची इच्छा क्रिकेटवर प्रेम करणाऱ्या मराठी माणसाला होणारच. २९ जून २०२४ रोजी रोहित शर्माच्या संघाने याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-२० विश्वचषक जिंकला. अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखाली १९७१ साली भारताने वेस्ट इंडिजमध्ये पहिली मालिका जिंकली आणि सुनील गावसकरांनी पदार्पणाच्या त्या मालिकेतच ७७४ धावा केल्या, त्या दौऱ्यातला एक कसोटी सामनाही इथेच झाला होता. शुक्रवारी संध्याकाळी ऑइस्टिन्सच्या मासळी बाजारात ताजे मासे भाजून मिळतात आणि सारे गाव तिथे लोटते. मासे खाणाऱ्यांनी आपले वार त्याप्रमाणे जुळवावेत.

बेक्विया: बोटीने जाण्याचे बेट

बार्बाडोसहून सेंट व्हिन्सेंटचे विमान पाऊण तासाच्या आत पोहोचते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या आर्गाइल विमानतळावरून टॅक्सीने किंग्सटाउनच्या धक्क्यावर यावे. बेक्वियाची फेरीबोट इथून सुटते आणि सुमारे तासाभरात पोहोचते. तिकीट धक्क्यावरच मिळते. बोट अर्थातच पर्यटकांसाठी चालवलेली नसते. बेटावरच्या लोकांचे किराणा सामान, गाड्या, बांधकामाचे साहित्य याच बोटीतून जाते. बंदराबाहेर पडल्यावर मधल्या खाडीत ती चांगलीच हलते. बोट लागण्याची सवय असलेल्यांनी अर्धा तास आधी गोळी घ्यावी आणि आत न बसता मागच्या बाजूला, मोकळ्या हवेत बसावे. विमान दुपारनंतरचे असेल तर शेवटची बोट मिळेल का हे आधी पाहून ठेवावे, नाहीतर ती रात्र किंग्सटाउनमध्ये काढण्याची तयारी ठेवावी.

या बेटावर चार रात्री ठेवाव्यात असे मी आग्रहाने सांगेन. अॅडमिरल्टी बे या उपसागराच्या कडेने पाण्याला लागून एक पायवाट जाते, तिथून चालत आणि पुढे थोडी चढण पार करून प्रिन्सेस मार्गारेट किनाऱ्यावर जाता येते. पोर्ट एलिझाबेथमध्ये लाकडी होड्यांच्या लहान प्रतिकृती बनवणारे कारागीर आहेत. हलक्या लाकडाचा सांगाडा कोरून, घासून, त्यावर खऱ्या होडीसारखे रंग आणि दोर चढवण्याचे त्यांचे काम जवळून पाहता येते.

बेक्वियाहून एक दिवस टोबॅगो केजसाठी राखावा. नावात टोबॅगो असले तरी त्या बेटाशी याचा संबंध नाही. सेंट व्हिन्सेंटच्या हद्दीतली ही पाच निर्मनुष्य बेटे आहेत आणि त्यांच्याभोवती घोड्याच्या नालेच्या आकाराची प्रवाळाची भिंत आहे. बाराडाल बेटाजवळ उथळ पाण्यात समुद्री कासवे गवत चरत असतात. ज्यांना पोहता येत नाही त्यांनीही लाइफ जॅकेट घालून, नळी तोंडात धरून हे पाहावे. मात्र नळीने श्वास घेण्याचा सराव निघण्यापूर्वी गावातल्या पोहण्याच्या तलावात दोन-चारदा करून घ्यावा, म्हणजे ऐन वेळी घाबरायला होत नाही. कासवांना हात लावू नये आणि प्रवाळावर पाय ठेवू नये. जोडीदारांपैकी एकाला पाण्याची भीती असेल तर जबरदस्ती करू नये. बोटीवर बसूनही स्वच्छ पाण्याचा तळ दिसतो.

ज्यांना बोटीवर राहण्याची हौस आहे त्यांना नाखव्यासह शिडाची बोट आठवडाभर भाड्याने घेता येते. पहिल्या खेपेस मी ती सुचवणार नाही, कारण एकमेकांशिवाय आणि नाखव्याशिवाय कुणी नसलेल्या अरुंद जागेत सात रात्री काढणे प्रत्येक जोडप्याला मानवत नाही.

ग्रेनाडा: शेवटचे पाच दिवस

सेंट व्हिन्सेंटहून ग्रेनाडाला छोट्या विमानाने जावे. थेट विमानाचा वार जुळत नसेल तर बार्बाडोसमार्गे जाता येते. ग्रेनाडाच्या नैर्ऋत्येला ग्रँड आन्स हा सुमारे तीन किलोमीटरचा किनारा आहे आणि विमानतळ तिथून जवळ आहे. राहण्यासाठी हाच भाग घ्यावा आणि बाकीचे बेट दिवसाच्या फेऱ्यांत पाहावे.

कोकणातल्या माणसाला ग्रेनाडा लगेच आपलेसे वाटते. डोंगरउतारावर केळी, नारळ, कोको आणि जायफळाची झाडे, दारात नीरफणस, आणि सरीवर सर पडणारा पाऊस. जायफळ या देशाच्या राष्ट्रध्वजावरही आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या गुयाव्ह गावात जायफळावर प्रक्रिया करण्याचे जुने केंद्र आहे. लाकडी फळ्यांवर पसरलेली जायफळे वाळत असतात, बायका ती हाताने निवडतात, आणि जायपत्री रंगानुसार वेगळी केली जाते. आयव्हन वादळाने जायफळाची बहुतेक झाडे उन्मळून पडली होती आणि नव्या झाडाला फळ धरायला अनेक वर्षे लागतात, त्यामुळे हा धंदा अजून पूर्वपदावर आलेला नाही. मोलिनियर खाडीत २००६ पासून पाण्याखाली शिल्पे ठेवलेली आहेत आणि ती वरून नळीने श्वास घेत पाहता येतात.

ऑइल डाउन हे ग्रेनाडाचे राष्ट्रीय पक्वान्न नीरफणस, हळद, अळूसारखी पाने आणि नारळाचे दूध यांचे असते, पण त्यात खारवलेले मांस घालतात. शाकाहारी मंडळींनी मागवण्यापूर्वी विचारावे. त्यांच्यासाठी सर्वांत खात्रीचा पर्याय म्हणजे रास्ताफारी पंथाच्या लोकांची इटल पद्धतीची खानावळ, कारण तिथे मांस नसतेच. भारतीय मजुरांच्या वंशजांमुळे रोटी सगळीकडे मिळते. वाटलेली डाळ भरलेल्या पातळ पोळीत बटाटा आणि चण्याची रस्सा भाजी गुंडाळून देतात. ती मागताना मांस नको असे स्पष्ट सांगावे.

पैसे आणि रोजचे व्यवहार

सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनाडा येथे पूर्व कॅरिबियन डॉलर चालतो. १९७६ पासून एका अमेरिकी डॉलरला २.७० असा त्याचा दर कायम आहे. बार्बाडोसचे चलन वेगळे आहे आणि तिथे एका अमेरिकी डॉलरला दोन बार्बाडोस डॉलर मिळतात. अमेरिकी डॉलर तिन्हीकडे घेतात. म्हणून टॅक्सीत बसण्यापूर्वी भाडे विचारताना ते कोणत्या डॉलरमध्ये आहे हे हमखास विचारावे, कारण टॅक्सींना मीटर नसतो आणि तिथे साध्या संवादात नुसता डॉलर म्हणतात. फॉरेक्स कार्ड अमेरिकी डॉलरचे घ्यावे, पण लहान बेटांवर आणि बोटींवर रोखच लागते. हॉटेलच्या जाहिरातीत दिसणाऱ्या दरावर कर आणि बहुधा दहा टक्के सेवाशुल्क वेगळे लागते, ते धरूनच हिशेब करावा.

विमा घेताना तीन गोष्टी शोधाव्यात: वादळामुळे रद्द झालेला प्रवास, पाण्यातले खेळ, आणि गंभीर रुग्णाला विमानाने मोठ्या बेटावर हलवण्याचा खर्च. तिसरी सर्वांत महत्त्वाची, कारण बेक्वियासारख्या बेटावर मोठे रुग्णालय नाही.

या तिन्ही देशांत सैनिकी नक्षीचे कपडे, टोप्या किंवा बॅगा वापरणे नागरिकांना आणि पर्यटकांनाही कायद्याने मना आहे. भारतात सर्रास मिळणारी तशी अर्धी चड्डी किंवा पाठपिशवी घरीच ठेवावी. पोहण्याच्या कपड्यांत बाजारात जाऊ नये. दुकानात शिरल्यावर किंवा वाट विचारताना आधी गुड मॉर्निंग किंवा गुड आफ्टरनून म्हणावे. तसे न करता थेट प्रश्न विचारणे तिथे उद्धटपणाचे मानतात. किनाऱ्यावर मॅन्चिनील नावाची विषारी झाडे असतात, त्यांची फळे छोट्या हिरव्या सफरचंदासारखी दिसतात. बऱ्याच ठिकाणी खोडाला लाल पट्टा किंवा पाटी असते. त्या झाडाखाली पावसात आडोशाला उभे राहिले तरी ठिबकणाऱ्या चिकाने अंगावर फोड येतात.

गाडी भाड्याने घ्यायची असेल तर तिन्ही देशांत आपल्याप्रमाणेच डावीकडून चालवतात. भारतीय परवान्याबरोबर एक तात्पुरता स्थानिक परवाना विकत घ्यावा लागतो आणि तो बहुधा गाडी देणाराच काढून देतो. विजेचा दाब सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनाडा येथे आपल्यासारखा असून तीन चौकोनी पायांचा ब्रिटिश पद्धतीचा प्लग लागतो, तर बार्बाडोसला अमेरिकी पद्धतीचा चपट्या पायांचा, आणि दाब सुमारे ११५ व्होल्ट. प्लगपुरता सर्व पद्धतींचा एकच अॅडॅप्टर घेतला की पुरते.

ग्रेनाडाहून निघण्याच्या आदल्या दिवशी परतीच्या विमानाची वेळ पुन्हा तपासावी आणि उरलेले पूर्व कॅरिबियन डॉलर तिथेच खर्च करावेत किंवा बँकेत अमेरिकी डॉलरमध्ये बदलून घ्यावेत, कारण भारतात ते बदलून मिळणे जवळजवळ अशक्य आहे.